मोज्यातले तांदूळ
लेकीचं दूध सोडवल्यापासून ती आरशासमोरून मान वळवून जायची. “छातीत इम्प्लांट केवढं हवं, ते इथे बसून कळायचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मोज्यांत मापाने तांदूळ भरून ब्रामध्ये घाला आणि घरात वावरा.” तिने हौसेने प्रत्येकी साडेतीनशे मिली भरले. “तुझ्याआधी तांदूळच दारातून आत येतात,” धाकटी बहीण हसली. तिला मात्र आवडलं. दुपारी लेक कुशीत शिरली. तिने डोकं टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. “आई, माझी जागा कुठेय?” आईने दोन्हींतून पन्नास-पन्नास काढले. लेक चुळबुळतच राहिली. आणखी पन्नास-पन्नास काढले. मग लेकीचं अंग सैल पडलं. तिला खांद्यावर घेऊन जाताना वाटेत आरसा आला. आज मान वळवायची राहून गेली. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “अडीचशे,” ती कुजबुजली. “जरा मोठ्याने बोला.” “नाही बोलता येणार, मॅडम. पोर झोपलीय.”