कायद्याच्या कोशांमागे

शरीररचनेच्या पुस्तकाची ग्रंथालयात एकच प्रत होती, तीही घरी न्यायची नाही. कुणाच्या हाती लागू नये म्हणून एक मुलगी ती रोज संध्याकाळी कायद्याच्या कोशांमागे दडवायची. लबाडीच ती, पण ग्रंथपाल असूनही मी कानाडोळा केला. आतली खुणेची चिठ्ठी रोज वीसेक पानं पुढे सरकायची. परीक्षेला आठवडा उरला आणि चिठ्ठी तीन दिवस हललीच नाही. वसतिगृहात फोन लावून तिची चौकशी केली. “अभ्यासाच्या सुट्टीत सगळ्या घरी गेल्यात,” रेक्टरबाई म्हणाल्या. “पुस्तक इथं टाकून ती जाणार नाही. तिची खोली उघडा!” मी ओरडले. आत ती तापानं बेशुद्ध पडली होती. परीक्षा हुकली. महिन्यानं ती आली, कोशांमागे हात घातला. पुस्तक तिथंच होतं, चिठ्ठीही त्याच पानावर. “मॅडम, माहीत होतं तर जागेवर का नाही लावलंत?” “जागेवरच आहे,” मी म्हटलं. “बस, वाच.”