डावीकडचा भांग

बाळांनो, अशी कल्पना करा बरं, की तुमच्या हातात दात घासायचा एक जुना ब्रश आहे. समोर स्टुलावर एक म्हातारी पाठमोरी बसलीय, खांद्यावर फाटका टॉवेल. वाटीत काळा रंग कालवलेला आहे आणि तो तिच्या केसांना लावायचं काम तुमच्यावर आलंय. कपाळावर एक ओघळ आला तरी खैर नाही. जमेल?

चिंगीला जमत होतं. वय लहान, पण हात सराईत.

"आजी, मान हलवू नकोस ना."

"मी कुठे हलवतेय? तूच नाचतेस माकडासारखी."

आजी थट्टा करत होती, पण तिने स्टुलाची कड घट्ट धरली होती. रंग टाळूला लागला की आग आग व्हायची. कानामागे लाल चट्टे उठले होते, खाजवून खाजवून कातडी सोलली होती. डॉक्टरांनी तर हात टेकले होते. "एक तर रंग बंद करा, नाहीतर माझ्याकडे येणं बंद करा," म्हणाले होते.

"भांग डावीकडे पाड हं," आजी म्हणाली.

"तुझे केस उजवीकडेच पडतात. कितीही विंचरले तरी."

"लहानपणी वळण लागलं नाही त्यांना. तू पाड डावीकडे."

चिंगीची आई ओले हात पुसत दारात आली. "पुरे कर आता हे सोंग. डोक्याची पार चाळण झालीय."

"आणि त्यांनी ओळखलं नाही तर?"

आई पुसून कोरडे झालेले हात तशीच पुसत राहिली.

'ते' म्हणजे चिंगीचे आजोबा. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायचे आणि श्वाससुद्धा जपून सोडायचे. मग त्यांच्या आठवणी एकेक करून निखळू लागल्या. आज वार कोणता, आपण जेवलो की नाही, काही सांगता येईना. गेल्या हिवाळ्यात तर कहर झाला. घरभर शोधत फिरायचे. पलंगाखाली वाकून बघायचे. काय हवंय विचारलं तर सांगायचे नाहीत, ताट आणलं की ढकलून द्यायचे. अंगावर नुसती हाडं उरली.

मग एका सकाळी काळ्याभोर केसांची आजी ताट घेऊन आत गेली, आणि आजोबा जेवले. निमूट, शेवटच्या घासापर्यंत.

तेव्हापासून घरात ठरूनच गेलं. आजीचा एकही केस त्यांना पांढरा दिसता कामा नये. खोलीत जाताना आजी जांभळा स्वेटर चढवायची, जाड काचांचा चष्मा लावायची. बाहेर आली की आधी चष्मा काढायची. "गरगरतं गं याने," म्हणायची आणि भिंतीला धरून क्षणभर उभी राहायची. चिंगीलाही ताकीद होती, आजोबांसमोर तोंड सांभाळायचं, वायफळ बडबड करायची नाही. चिंगी मग गप्प बसून भिंतीकडे बघत राही. पलंगासमोर एक रिकामा खिळा होता आणि त्याखाली रंग न विटलेला एक चौकोन.

एके दिवशी आजीच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग पडले. चिंगीने ते पाहिले आणि ब्रश पाठीमागे लपवला. "मी नाही लावणार आज."

आजी रागावली नाही. आरशासमोर जाऊन बसली. बराच वेळ बघत राहिली. "चिंगे, ही कोण गं?" तिने आरशाकडे बोट दाखवलं. "माझं तोंड मलाच आठवेनासं झालंय. थकले मी."

आईने कात्री आणली. काळे झुबके फरशीवर पडत गेले. खाली उरले ते आखूड, पांढरेशुभ्र केस. आईने दोनदा नाक ओढलं.

चहाची वेळ झाली. स्वेटर, चष्मा, सगळं नेहमीसारखं. फक्त डोकं पांढरं. दाराशी आजीचा पाय अडखळला. "जेवण सोडलं परत, तर पाप माझ्या माथी," ती पुटपुटली. चिंगीने तिचा पदर धरला आणि दोघी आत गेल्या.

आजोबा खिडकीशी बसले होते. त्यांनी वळून पाहिलं. पूर्वी घड्याळाचं पोट उघडून बघायचे ना, तसंच, डोळे बारीक करून. कप बशीत वाजायला लागला.

"ठेव तो खाली, सांडेल," आजोबा म्हणाले. "आणि चष्माही काढून टाक. तिचा नंबर तुला कसा सोसेल?"

आजी जागच्या जागी खिळली.

"बाकी सगळं विसरतो मी, धाकटे. पण तुझी ताई हिवाळ्यात गेली, एवढं विसरता येत नाही." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "पाठमोरी हुबेहूब तिच्यासारखी दिसायचीस. म्हणून गप्प बसलो. माझंच चुकलं. आता मागून बघायलासुद्धा कोणी राहिलं नाही."

चिंगीने कपाटातल्या कपड्यांखाली लपवलेली तसबीर ओढून काढली, फ्रॉकने पुसली, खुर्चीवर चढली, आणि जाड चष्म्यातून हसणारी, डावीकडे भांग पाडलेली तिची आजी त्या रिकाम्या खिळ्यावर टांगली.