टायरातला काटा

"पाचच्या आत गिरणा नदीपलीकडे पोचायचंय. पटपट हात चालव," शिपाई म्हणाला.

कौतिकनं घाई केली नाही. आपल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानापुढे चाक पंक्चर होऊन थांबलेल्या त्या ध्यानाला त्यानं आधी खालीवर न्याहाळलं. खाकी अर्धी चड्डी, कमरेला मोहर लावलेली चामडी पिशवी. नाव मोतीलाल, गाव मेहरूण. इथल्याच मातीतलं कार्टं, आणि गोऱ्यांच्या पलटणीत पायडल मारतं! बेचाळीसच्या त्या ऑगस्टात तारायंत्राच्या तारा तुटल्या आणि सरकारचा सगळा रुबाब, हुकूमसुद्धा, सायकलीवर आला. कौतिकला त्याचं हसू येई. तारा तोडणारा त्याचाच धाकटा भाऊ होता, लोटन.

लोटन आज पलीकडच्या गावी दोनशे माणसं घेऊन कचेरीपुढे बसला होता. भोवती लष्कराचा वेढा. दिवस मावळला की नदीतून निसटणार, असा त्याचा निरोप सकाळीच आला होता. म्हणजे पिशवीत त्याला पकडायचाच हुकूम असणार, दुसरं काय!

"काय शे त्या पिशवीमा?" ट्यूब पाण्यात दाबत कौतिकनं विचारलं.

"सांगायची परवानगी नाही."

"वा रे लाटसाहेब!"

मोतीलाल सारखा उन्हाकडे बघत होता.

कौतिकनं ठिगळ लावलं. मग रीतीप्रमाणे टायरात आतून अंगठा फिरवला. बाभळीच्या काट्याचं टोक लागलं. नवशिकासुद्धा ते आधी उपटून काढतो. कौतिकनं राहू दिलं. दोन मैलांवर चाक पुन्हा बसणार. उरलेले चार मैल ढकल म्हणावं तुझ्या राजाची गाडी!

"हवा टच्च शे. जाय आते."

मोतीलालनं चक्क हात जोडले. "उपकार झाले, भाऊ."

लाचार मेला! कौतिक त्याच्या पाठीमागे रस्त्यावर थुंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीलाल सायकल ढकलत परत आला. डोक्यावर टोपी नव्हती, नडग्या चिखलानं बरबटल्या होत्या.

"पोचना का कागद?" कौतिकनं दात काढत विचारलं.

"साडेपाचला." मोतीलाल तिथंच खाली बसला. "गोळीबार पाचला झाला. सात माणसं गेली."

कौतिकचं हसू विरलं. "लोटन?"

"पहिला तोच."

कौतिकनं त्याची गचांडी धरली. "मंग तुना कागद कसाना व्हता, हरामखोरा?"

मोतीलालनं हात सोडवला नाही. "तिथल्या साहेबानं प्रेतांसमोर वाचला. लिहिलं होतं, गोळी चालवू नका, माणसांना घरी जाऊ द्या."