आधी दाढोबा

"आधी त्याला," म्हणत सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं.

सुनेनं ताटातलं एक पान उचलून काचेच्या पेटीत ठेवलं. दिव्याखाली शेकत पडलेला सरडा दाढी फुगवून पुढे आला. हातभर लांब, अंगावर काटेच काटे, नाव दाढोबा. नातीनं पाळलेला; ती शिकायला दूर गेली आणि तो सुनेच्या गळ्यात पडला.

त्यानं पान मटकावलं. सासरे त्याच्याकडे टक लावून बसले. बऱ्याच वेळानं, तो ठणठणीत आहे अशी खात्री पटली, तेव्हा कुठे त्यांनी पहिला घास घेतला.

घरातलंच कुणीतरी आपल्याला विष घालणार, हे त्यांच्या डोक्यात पूर्वीपासूनचं. सासूबाई होत्या तोवर पहिला घास त्यांना खावा लागे. पुढे त्या तापानं फणफणल्या, तर सासऱ्यांनी त्यांच्या औषधाची बाटलीसुद्धा मोरीत ओतली. "यात काय कालवलंय कुणास ठाऊक!" सासूबाई गेल्या. सुनेवर त्या माउलीची लेकीसारखी माया. सून ढसाढसा रडली, मग डोळे पुसून कामाला लागली.

आता चव घ्यायला कुणी नाही म्हणून सासऱ्यांनी जेवणच सोडलं. अंगाची नुसती काडी झाली. नवऱ्यानं हात टेकले. "बाबा असेच गेले तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील गं."

सरड्याची युक्ती सुनेनंच काढली. "बाबा, तो खाईल तेच तुम्ही खा. मग तर झालं?"

सासऱ्यांना ते पटलं. मुका जीव, तो कुणाला सामील होणार!

मग सरड्याला काय चालतं, काय बाधतं, ते तिनं तोंडपाठ केलं. ॲव्होकाडो म्हणजे जहर. कांदा-लसूण नको. काजवा तर एकच पुरे, खेळ खलास. गॅलरीतली कण्हेरीची कुंडी तिनं स्वतः उचलून बाहेर काढली. "बघा बाबा, आता घरात विषाचं पानसुद्धा नाही." मोहरीचा पाला, कोथिंबीर मात्र बिनघोर. रोज ताज्या जुड्या यायच्या, अळणीच वाफवल्या जायच्या. एरवी पालेभाजीकडे ढुंकूनही न बघणारे सासरे ताट चाटूनपुसून साफ करू लागले.

त्यांचं हृदय अधू होतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज एक गोळी असे. तिचं पाकीट ते स्वतःच्या हातानं फोडत. दवाखान्यात पथ्य ऐकायला मात्र थांबले नाहीत. "हा डॉक्टरही त्यांच्यातलाच," म्हणत तरातरा बाहेर पडले. सून थांबली. रक्त तपासायला सुई टोचून घ्यायची तर सासऱ्यांपुढे बातच नको.

हळूहळू त्यांच्या गालांवर तजेला आला. नवऱ्याचे डोळे भरून आले.

"तू होतीस म्हणून बाबा वाचले."

"माझं काय एवढं? दाढोबाचं कौतुक करा."

आणि एक दिवस जेवता जेवता सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मेंदूत गुठळी अडकली, असं डॉक्टर म्हणाले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नवरा पेटीसमोर सुन्न बसून होता. "खाण्यातून तर काही..."

"अहो, काहीतरीच काय! तेच खाऊन हा बघा कसा टुणटुणीत आहे."

दाढोबानं मान वर करून दोघांकडे पाहिलं. नवऱ्याला स्वतःचीच लाज वाटली.

भेटायला येणारी माणसं जाताना एकच बोलत होती, सून असावी तर अशी. जन्मभर संशय घेणाऱ्या माणसाला शेवटी लहान मुलासारखं भरवलं हिनं!

सगळे गेल्यावर तिनं सासूबाईंच्या फोटोवरची धूळ पुसली. मग उरलेली जुडी निवडायला घेतली आणि एक कोवळं पान दाढोबापुढे धरलं. सासऱ्यांच्या खाण्यात हिरवा पाला एकदम वाढू देऊ नका, गोळीचा गुणच जातो, असं डॉक्टरांनी त्या दिवशी तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं.