पहिला तमाशा

पुण्यात कंपनीची रात्रपाळी करून करून ऋषीची झोपच उडाली होती. गोळ्या घेऊनही डोळ्याला डोळा लागत नसे. राजुरीच्या यात्रेत कुंडलिकमामा त्याला आयुष्यातला पहिला तमाशा दाखवायला घेऊन गेले. भरदुपारी भलामोठा तंबू खच्चून भरला होता, ढोलकी कडाडत होती, शिट्ट्यांनी कान किटत होते.

ऋषीला जाग आली, तेव्हा तमाशा संपून माणसं घरी निघाली होती.

तो ओशाळून काही बोलणार, तोच शेजारी बसलेले गाववाले मामांना म्हणाले, “कुंडलिकभाऊ, दरसाल पयली शिट्टी तुमची. आज साधी टाळीबी न्हाई?”

मामा आखडलेला खांदा चोळत हळूच म्हणाले, “खांदा हलला असता, तर पोरगं जागं झालं असतं, राव.”