बारीक तार

राजेंद्र नगरात मंगलाताईंच्या घराचा फ्यूज रोज सकाळी उडायचा, म्हणून मुलानं जाड तार अडकवली. “आई, अब टेन्शनच नाही.” आठवडाभर गीझर, मिक्सर, इस्त्री सगळं एकदम चाललं. नातीचा डबा, लेकाचे पोहे, सुनेची साडी, सगळ्यांमागे मंगलाताईच धावत होत्या. आज दमून फ्यूजच्या बोर्डाखाली हात टेकला, तर भिंत तव्यासारखी तापलेली. त्यांनी मेन स्विच पाडला, स्टुलावर चढून जाड तार उपटली, फ्यूज-तारेच्या रिळातली बारीक बसवली. भार वाढला की तार जळते आणि घर वाचतं, हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होतं. स्विच वर केला. पाच मिनिटांत सगळं गप्प झालं. “मम्मीजी, फिर गया,” सुनेनं बाथरूममधून हाक मारली. “जाने दे बेटा, त्याचं कामच आहे ते.” मंगलाताई स्टुलावरच टेकल्या. रीळ मुठीतच होतं, पण उठल्या नाहीत.