घरचीच गर्दी

"कंबर मोडली माही, आन् म्हने रेस!" हलत्या खुर्चीतून उतरताना बयनाबाई सुनेच्या, रुपाच्या, कानाशी पुटपुटल्या.

आदिलाबादजवळच्या मावल्यातलं रुपाचं चालतं शिलाईचं दुकान उठवून तिच्या नवऱ्यानं, पंकजनं, तिथं हे यंत्र मांडलं होतं. पडद्यावर मोटारींची रेस, खाली गदगदा हलणारी खुर्ची. सुरुवातीला आदिलाबादची कॉलेजची पोरं तुटून पडली आणि महिन्या-दोन महिन्यांत कंटाळलीसुद्धा. गर्दी पाहून गर्दी येते, असं पंकजचं शास्त्र. म्हणून दर रविवारी जैनथ गावाहून सासरचं अख्खं घर ऑटोत कोंबून यायचं आणि दुकानासमोर परक्यासारखं रांगेत उभं राहायचं. रस्त्याच्या खड्ड्यांत फुकट हाडं खिळखिळी करून यायचं, इथं पुन्हा हलून घ्यायचं आणि वर "लय भारी!" म्हणायचं. सासरे यशवंतराव तर लेकासाठी धोतर सावरत दोनदा बसायचे.

आज मात्र खरोखरीचं गिऱ्हाईक म्हणून एक बाप लेकीला घेऊन आला. पंकजचा चेहरा फुलला. बापानं रांग पाहिली, "अरे बापरे, एवढी गर्दी!" म्हणाला आणि लेकीला ओढत चालता झाला.



"पाह्यलं? जागा पुरत नाई आपल्याले," पंकज हसत म्हणाला.

यशवंतराव रांगेतून बाहेर आले.

"काऊन सोताले फसवतं, पोरा? इथं दुसरं कोनी येतच नाई. आमीच येऊन राह्यलो."